शेवटचे बिल कोणाच्या नावावर?

हैदराबादच्या विद्यानगरात दुर्गाबाई देशमुखांच्या नावाचे रुग्णालय आहे. त्यांचे पती चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम निघाला आणि देशातला आयुर्विमा सरकारच्या ताब्यात आला. लहानमोठ्या २४५ कंपन्या आणि संस्था त्यात आल्या. चिंतामणराव २ ऑक्टोबर १९८२ रोजी याच शहरात वारले. विमा नियामकाचे मुख्यालयही हैदराबादेतच आहे. अशा शहरात सरकारी नोकराला आरोग्य कार्ड हातात असूनही रुग्णालयाच्या दारातून परत फिरावे लागते. मला हे अक्षम्य वाटते, म्हणून त्याच्या मुळाशी जायला हवे.

तेलंगणातली कर्मचारी आरोग्य योजना हा विमा नव्हे. अविभाजित आंध्रात २००७मध्ये आरोग्यश्री सुरू झाली तेव्हा ती विमा कंपनीमार्फत चाले. पुढे सरकारी ट्रस्टच रुग्णालयांची बिले भागवू लागला. कर्मचाऱ्यांची योजना याच यंत्रणेवर उभी राहिली. म्हणजे सगळी जोखीम तिजोरीची. सप्टेंबर २०२५मध्ये खासगी रुग्णालयांच्या संघटनेने हजार कोटींहून अधिक थकबाकीचा दावा करत आरोग्यश्रीबरोबर कर्मचारी योजनेचीही सेवा काही दिवस बंद ठेवली. त्याआधी, ऑक्टोबर २०२३मध्ये, कर्मचारी आणि सरकार या दोघांच्या वर्गणीवर चालणाऱ्या स्वतंत्र ट्रस्टचा आदेश निघाला होता. वर्गणी जरूर घ्यावी. पण एखाद्या वर्षी निधी अपुरा पडला तर पुढचे कोण भरणार, याचे उत्तर वर्गणीत नाही.

स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या प्रत्येक योजनेत शेवटचे बिल कोणाच्या तरी नावावर पडतेच. आधी करार करून ते नाव ठरवले नाही, तर बिल रुग्णालयाच्या येणे खात्यात साचत जाते आणि एके दिवशी रुग्णालय ते रुग्णापुढे ठेवते: कॅशलेस बंद आहे, अनामत भरा, सरकारकडून मागाहून घ्या. अँजिओप्लास्टीला आलेला निवृत्त शिक्षक तेव्हा राज्याच्या पुनर्विम्याचे काम करत असतो, तेही हप्ता न घेता.

अमेरिकेतल्या ज्या नगरपालिका कर्मचाऱ्यांचा औषधोपचार स्वतःच्या निधीतून करतात, त्यांतल्या पुष्कळ जणी यासाठी स्टॉप लॉस विमा घेतात. एका माणसाचा वर्षभरातला खर्च ठरावीक रकमेपलीकडे गेला की वरचा भार विमा कंपनीचा. शिवाय सगळ्या योजनेचा एकत्रित खर्च अंदाजाच्या साधारण सव्वापटीच्या पुढे गेला, तर तोही कंपनीचा. बाळंतपण, मोतीबिंदू, डेंग्यू हे नगरपालिकेचे. न पेलणारे तेवढे विम्याचे.

समजा, दोन हजार कर्मचाऱ्यांची नगरपालिका आहे आणि दर कुटुंबामागे वर्षाला २०,००० रुपये खर्च येतो. झाले चार कोटी. अशा ठिकाणी एखाद्या बाळाला स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीवरचे ते इंजेक्शन लागले, ज्याची किंमत आपल्याकडे १६ कोटींच्या घरात सांगितली जाते, तर चार वर्षांचा निधी एका घरावर खर्च होईल. मुंबईसारख्या महापालिकेला, जिथे कर्मचारी लाखाच्या आसपास आहेत, एकेका रुग्णाची एवढी धास्ती नाही. तिथे मोठ्या संख्येतच खर्चाची सरासरी सावरते. गरज खरी आहे ती लहान गावांची, आणि त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही.

महाराष्ट्रात आपण दोन टोकांमध्ये हेलकावे खात आलो आहोत. मुंबई महापालिकेने २०१५मध्ये कर्मचाऱ्यांसाठी गटविमा घेतला. हप्त्याच्या वादात तो २०१७मध्ये बंद पडला आणि माणसे उघड्यावर आली. पुणे महापालिकेची अंशदायी वैद्यकीय सहाय्य योजना पालिकेच्याच तिजोरीतून चालत आली. ती विमा कंपनीकडे सोपवण्याचा विचार पुढे आला तेव्हा कामगार संघटनांनी विरोध केला. त्यांचे बरोबर होते. ओळखीची, हाकेच्या अंतरावरची व्यवस्था सोडून दावे नाकारणाऱ्या खिडकीपुढे कोण उभे राहील?

राज्याच्या जनआरोग्य योजनेत २०२०मध्ये जी विभागणी झाली ती मला उलटी वाटते. दीड लाखापर्यंतचा खर्च विमा कंपनीकडे आणि त्यावरचा, पाच लाखांपर्यंतचा, सरकारकडे हमी म्हणून. लहान आणि नेहमीच्या आजारांचा खर्च दरवर्षी जवळपास तेवढाच येतो. त्याचा विमा काढणे म्हणजे आपलेच पैसे कंपनीच्या हातून, तिचा नफा कापून, परत घेणे. अनिश्चित असतो तो वरचा मजला. विमा त्याचाच काढायला हवा.

आपल्याकडे स्टॉप लॉसच्या सर्वांत जवळचा विमा म्हणजे गट सुपर टॉप-अप. त्यात वर्षभराच्या बिलांची बेरीज ठरलेल्या रकमेपुढे गेली की कंपनी देऊ लागते. पण योजनेच्या एकूण खर्चाला लगाम घालणारा दुसरा भाग त्यात येत नाही. तो सरकारी ट्रस्टला रीतसर विकत घेता यावा, यासाठी नियामकाने वाट काढली पाहिजे.

अमेरिकेतली एक वाईट चाल मात्र इथे येऊ देता कामा नये. करार बहुधा वर्षाचा असतो, आणि नूतनीकरणाच्या वेळी कंपनी कर्करोग किंवा डायलिसिस चालू असलेल्या नेमक्या माणसावर बोट ठेवते: याच्यापुरती मर्यादा दहापट, किंवा हा वगळा. म्हणजे ज्याच्यासाठी विमा घेतला तोच बाहेर, आणि कार्यालयात त्याचे नाव खर्चाचे कारण म्हणून फिरू लागते. कोणत्याही आजाऱ्याला वेगळे काढणार नाही, हे कलम मान्य नसेल तर करारावर सही करू नये.

एकट्या नगरपालिकेचे ऐकायला कंपनी तयार होणार नाही. महाराष्ट्रातल्या २९ महापालिकांनी नगरपालिकांना बरोबर घेऊन एकच निविदा काढली, तिची मुदत किमान तीन वर्षे ठेवली आणि रुग्णालयाचे बिल ठरल्या दिवसांत न भागवल्यास व्याज लावले, तर ती तयार होईल. तेलंगणालाही आपल्या नव्या ट्रस्टच्या नियमावलीत हे आताच लिहिता येईल, निधीला पहिली ओढ लागण्यापूर्वी.