वाळवंटातील लेकरू



श्रींचे दर्शन घेऊन आपण पायऱ्या उतरता, तेव्हा हाती प्रसाद असतो आणि मन हलके झालेले असते. अशा वेळी पैठणच्या एकनाथ महाराजांची परंपरेने चालत आलेली कथा आठवावी. भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात अस्पृश्य मानलेल्या घरातील एक मूल आईवाचून रडत होते. नाथांनी सोवळ्याचा विचार केला नाही. त्यांनी त्याला कडेवर घेतले, पुसले, शांत केले आणि त्याच्या घरी नेऊन पोहोचविले. सोवळे मोडल्याचे कौतुक सारेच करतात. मला मात्र तो पुढचा रस्ता मोलाचा वाटतो. नाथ लेकराला घरापर्यंत घेऊन चालले.

आपल्या मुळशी खोऱ्यात पाण्याला तोटा नाही. ताम्हिणीकडे तर पाऊस नुसता कोसळतो. तरीही कातकरी वाड्यांवरील लेकरांच्या पायाखाली तेच वाळवंट आहे. कात पाडण्याच्या व्यवसायावरून नाव पडलेल्या या समाजाची गणना शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केली आहे. पावसाळा सरला की त्यांतील अनेक कुटुंबे वीटभट्टीवर वा कोळशाच्या भट्टीवर जातात. मूल बरोबर जाते, अंगणवाडीच्या वहीतील त्याचे नाव मागे राहते. वजन, लस, पूरक आहार, सारा क्रम तुटतो. मग जुलाब, ताप, मेलेली भूक आणि पुन्हा जुलाब. सहा महिन्यांपुढील, पाच वर्षांखालील मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सें.मी.हून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित मानले जाते.

वाडीपाशी गाडी थांबवून बिस्किटांचे पुडे वाटणारे भाविक असतात. त्यांचा भाव शुद्ध असतो. पण पुडा संध्याकाळपर्यंतही पुरत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी सात्त्विक दानासाठी देश, काल आणि पात्र पाहण्यास सांगितले आहे. येथे काल म्हणजे किमान एक वर्ष. एका बालकाच्या आरोग्याचे दत्तक पालकत्व वर्षभरासाठी घ्यावे, हे अधिक उचित.

खर्च कशाचा, असे कोणी विचारील. सरकारी दवाखान्यात उपचार पुष्कळदा विनामूल्य असतात. परंतु आजारी मुलाजवळ आई चार दिवस बसली की चार दिवसांची मजुरी बुडते, घरची धाकटी भावंडे उपाशी राहतात. म्हणून ती मुलाला उचलून मध्येच परत नेते. तिचे गाडीभाडे, ती मजुरी, घरी नाचणी, डाळ, गूळ-शेंगदाणे आणि ज्यांच्याकडे चालते तेथे अंडे, एवढ्यासाठी पालक हवा. औषधाच्या पावतीवर यांतले काहीच दिसत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 39 गावांतील स्त्रियांना घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकविले. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 साली प्रसिद्ध झाले. मोठ्या इमारतीपेक्षा दारी वारंवार येणारे माणूस लेकरांच्या अधिक कामी आले. म्हणून आपली देणगी अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांच्याशी जोडलेल्या कामासच द्यावी.

एक विनंती आहे. पालकत्व स्वीकारल्यावर त्या बालकाचे छायाचित्र मागू नये, त्यास आभार मानण्यास उभे करू नये. वर्षाअखेरीस केवळ त्याचे वजन विचारावे.