एवढ्याशानं काय होतं?

१९५१ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात एक आई रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राहायची. तिच्या शीलाला फिनाइलकीटोन्यूरिया होता. या आजारात प्रथिनांतलं फिनाइलअ‍ॅलनिन शरीराला पचवता येत नाही, ते रक्तात साठून मेंदूला इजा करतं. दीड वर्षाची होत आली तरी पोर उभी राहत नव्हती. निदान झालं होतं, उपाय ठाऊक नव्हता. ‘मग आता तुम्ही करणार काय?’ हा आईचा धोशा काही थांबेना. शेवटी डॉ. हॉर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुधाच्या प्रथिनातून फिनाइलअ‍ॅलनिन काढून टाकलेला आहार तिच्यासाठी बनवला. काही महिन्यांत शीला रांगायला आणि उभी राहायला लागली.

आज बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून हा आजार कळू शकतो. पहिल्या काही दिवसांतच पथ्य सुरू झालं, तर मेंदूला होणारी इजा टळते. पथ्य मात्र जन्माचं. दूध, डाळी, अंडी, मांस बंद, भातसुद्धा तोलून. वरण-भातातलं वरण गेलं. साबुदाणा चालतो, पण खिचडीतलं दाण्याचं कूट चालत नाही. (कूट नसलेली खिचडी ही काय खिचडी, हे मलाही मान्य आहे.) वर उग्र वासाचं औषधी पेय रोज प्यायचं.

वजनकाटा आई लवकर शिकते. अवघड जातात ती प्रेमाची माणसं. ‘एवढ्याशानं काय होतं?’ म्हणत कुणीतरी पेढ्याचा तुकडा भरवतं. ना उलटी होते, ना अंगावर पुरळ उठतं. रक्तातलं फिनाइलअ‍ॅलनिनचं प्रमाण तेवढं मुकाट्यानं चढतं. भरवणाऱ्याला वाटतं, बघा, काही झालं नाही! मग तो पुढच्या वेळीही भरवतो.

म्हणून पथ्य मुलालाच कळायला हवं, आणि खरं कारण सांगूनच. ‘पेढा वाईट असतो’ ही थाप टिकत नाही. बाकीची भावंडं मिटक्या मारताना त्याला दिसतात. ‘पेढा छानच असतो, पण तुझ्या शरीराला तो पचवता येत नाही,’ एवढं चार वर्षांच्या पोरालाही समजतं. थोडं मोठं झालं की आपला भात त्याला स्वतः तोलू द्यावा. वाढदिवसाला त्याचा डबा वेगळा काढण्यापेक्षा सगळ्यांनाच कलिंगड आणि साबुदाण्याच्या पापड्या द्याव्यात.

आज असं एखादं मूल तुमच्याकडे आलं, तर प्रसाद हातावर ठेवण्याआधी त्यालाच विचारा, ‘तुला चालतो का रे?’ नाही म्हणालं, तर आग्रह करू नका.