टर्कीच्या पायावरचा काटा

अमेरिकेत वसंत ऋतू लागला की रानटर्कीच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. मारलेल्या नराची मापे घेताना शिकाऱ्यांची नजर हमखास जाते ती त्याच्या पायांकडे. खवल्यांनी मढलेल्या नळीवर, मागच्या बाजूला, कोंबड्याला असतो तसा काटा असतो. तो एक इंचापुढे गेला की शिकारी खूश होतो. त्याहून लांब, वाकडा आणि टोकदार काटा असलेल्या नराला तिथले शिकारी ‘लिम्ब हँगर’ म्हणतात, कारण नुसत्या काट्यांवर तो फांदीला टांगता येतो. कधी कधी मात्र मापपट्टी बाजूला ठेवावी असा पाय हाती येतो. एकाच नळीवर दोन काटे असतात, किंवा एक काटा सरळ तर दुसरा वळून नळीला टेकलेला असतो. कधी एका पायाला काटा असतो आणि दुसरा पाय साफ असतो. क्वचित एखाद्या मादीच्या पायालाही काटा सापडतो. अशा पायांचे फोटो निघतात, ते वाळवून भिंतीवर लावले जातात. माझे म्हणणे असे की भिंतीवर जाण्याआधी हे पाय वाचले गेले पाहिजेत. नेमके तेच होत नाही, आणि त्यात शिकारी, अभ्यासक आणि पक्षी या तिघांचेही नुकसान आहे.

काट्याची रचना गाईच्या शिंगासारखी असते. आत नळीच्या हाडातून निघालेला हाडाचा गाभा असतो आणि त्याच्यावर केराटिनचे कठीण टोपण. मेलेल्या पक्ष्याचा पाय उकळला की हे टोपण सैल होऊन निघते आणि आतला आखूड, बोथट गाभा दिसतो. शिकाऱ्याला भुरळ घालते ती टोपणाची लांबी. पण ज्याच्यावर हा सारा डोलारा उभा असतो तो गाभा पुष्कळच लहान असतो. टोपण आयुष्यभर वाढत राहते. वर्षाच्या नराचा काटा अर्ध्या इंचाच्या आतला, बोथट, जेमतेम गाठीसारखा असतो. दोन वर्षांच्या नराचा साधारण पाऊण इंचाच्या आसपास जातो, तीन वर्षांनी इंच ओलांडतो. म्हणून काट्यावरून वय सांगण्याची पद्धत रूढ झाली. कोवळा नर आणि प्रौढ नर वेगळे काढायला ती चांगली उपयोगी पडते. तिसऱ्या वर्षानंतर मात्र ती फार ताणू नये, कारण टोपण वाढते तसे झिजतेही.

झिजण्याचा संबंध थेट जमिनीशी आहे. फ्लोरिडातल्या ऑसिओला टर्कीचे काटे लांब आणि अणकुचीदार असतात; तिथली जमीन वाळूची, दलदलीची, पायाखाली मऊ. रॉकी पर्वतातली मेरियम टर्की आयुष्यभर दगडाधोंड्यांतून चालते, आणि तिचे काटे आखूड, बोथट राहतात. युकातान द्वीपकल्पातली ऑसिलेटेड टर्की ही तर वेगळीच जात. इतर रानटर्कींच्या नराला असतो तसा केसांसारखा झुपका तिच्या नराच्या छातीवर नसतो, पण काटे इतके लांब असतात की तसे काटे व्हर्जिनियातल्या टर्कीला असते तर शिकाऱ्यांनी ते नवल म्हणून मिरवले असते. तेव्हा काटा ‘असाधारण’ आहे असे म्हणताना कुठल्या जातीचा, कुठल्या जमिनीवरचा, हे आधी सांगावे लागते.

मादीच्या पायावरचा काटा हा या सगळ्यातला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग आहे. ॲरिस्टॉटलनेही प्राण्यांवरच्या ग्रंथात कोंबड्याला हरवून आरवू लागलेल्या कोंबड्यांची नोंद केली आहे, आणि त्यांतल्या काहींच्या पायांवर लहान काटे उगवतात असे म्हटले आहे. असे का होते याचे उत्तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिळाले. एच. डी. गुडेल यांनी कोंबड्यांच्या पिल्लांची जननग्रंथी काढून प्रयोग केले. नराची वृषणे काढली तरी काटे वाढले. मादीचे अंडाशय काढले तर तिलाही काटे फुटले. म्हणजे कोंबडीच्या कुळात काटा ही पुरुषपणाने मिळालेली देणगी नाही. तो उगवण्याची तयारी दोघांतही असते, मादीत अंडाशयाचे स्राव त्याला थोपवून धरतात. म्हातारपणाने किंवा आजाराने अंडाशय थकले की तो अडसर दूर होतो. टर्की याच कुळातली आहे. काटा असलेली मादी हाती आली तर पायाबरोबर तिचे अंडाशयही पाहायला हवे, आणि शिकारीनंतर पक्षी सोलताना ते पाहणे अवघड नसते.

गुडेल यांच्याही आधी, अठराव्या शतकात, लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी कोवळ्या कोंबड्याच्या पायावरचा काटा काढून त्याच्या तुऱ्यावर बसवला. तो तिथे रुजला आणि वाढला. या प्रयोगांचे नमुने लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात जपलेले आहेत. काट्याच्या अंकुरातच वाढीची ताकद असते हे त्यातून दिसते. एका नळीवर दोन काटे दिसले की कोवळ्या वयात अंकुर दुभंगला का, की हे वंशातूनच आले, असे दोन प्रश्न म्हणूनच विचारता येतात. सुमात्रा जातीच्या कोंबड्यांत एका पायावर अनेक काटे असणे हेच जातीचे लक्षण मानतात. आपल्या सह्याद्रीच्या जंगलातल्या चकोत्रीच्या नरालाही एका पायावर दोन किंवा अधिक काटे असतात, आणि तिथे मादीलाही काटा असतो. टर्कीत जे विकृती वाटते ते तिच्या दूरच्या नातलगांत नेहमीचे आहे.

आता माझ्या तक्रारीकडे येतो. १९७३ साली स्थापन झालेली नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन विक्रमांची नोंद ठेवते. तिच्या पद्धतीत पक्ष्याचे वजन पौंडात, त्यात झुपक्याच्या लांबीची दुप्पट, आणि दोन्ही काट्यांच्या एकत्र लांबीची दहापट मिळवतात. सव्वा इंचाचे दोन काटे असले की २५ गुण होतात. २० पौंडांच्या अख्ख्या पक्ष्याला २० गुण आणि पायावरच्या बोटाच्या पेराएवढ्या दोन टोकांना २५! खडकाळ जमिनीवर प्रत्येक टोक इंचाचा आठवा भाग झिजले तर अडीच गुण जातात. या गणिताने शिकाऱ्याची नजर घडते. जे मोजले जाते तेच मोठे, अशी सवय लागते.

टर्कीची मादी मात्र काही वेगळेच बघत असते. रिचर्ड बुकहोल्झ यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माद्यांनी पसंती दिली ती चोचीवरून लोंबणाऱ्या मांसल सोंडेला. लांब सोंडेच्या नरांत आतड्यांतले परजीवी कमी होते. काटा बिनमहत्त्वाचा आहे असे मी म्हणत नाही. नर एकमेकांवर झेप घेतात तेव्हा तोच त्यांचे शस्त्र असतो, आणि फेझंट पक्ष्यांत मादी लांब काट्यांचा नर निवडते हे स्वीडनमधल्या अभ्यासात दिसले आहे. पण टर्कीची सोंड पक्षी जिवंत असतानाच ताणते, आखडते, रंग बदलते. मेल्यावर मोजण्यासारखी राहत नाही, म्हणून ती हिशेबातच नाही. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी एक टर्की आणली. उस्ताद मन्सूरने तिचे चित्र काढले. बादशहाने आपल्या आठवणींत क्षणाक्षणाला बदलणारे तिच्या मानेचे रंग टिपले, आणि ही सोंड हत्तीच्या सोंडेसारखी लोंबते हेही लिहून ठेवले. त्याच्यापुढे पक्षी जिवंत होता, आणि नेमके जे पाहण्यासारखे होते ते त्याने पाहिले. गुणांच्या तक्त्याला ते दिसत नाही.

शिकाऱ्यांना दूषणे देण्यासाठी मी हे लिहीत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जंगलतोड आणि बेसुमार शिकारीने ही जात जवळजवळ संपली होती. ती परत आली त्यात शिकाऱ्यांचा पैसा आहे. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी वळवला. १९५१ साली दक्षिण कॅरोलिनात तोफजाळे वापरून रानातले पक्षी जिवंत पकडले गेले, आणि ते दुसऱ्या जंगलांत सोडण्याचा मार्ग खुला झाला. पाळून वाढवलेले पक्षी रानात तगत नव्हते; हे तगले. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत साठ-सत्तर लाख टर्की होत्या. त्यानंतर अनेक राज्यांत संख्या उतरणीला लागली आहे. २०२२ साली जॉर्जियाने हंगाम उशिरा सुरू केला आणि शिकारीची मर्यादा तीनवरून दोन नरांवर आणली.

या उतरणीच्या काळात पायांचे मोल वाढले आहे. लिम्फोप्रोलिफरेटिव्ह आजाराचा विषाणू २००९ मध्ये अमेरिकेतल्या रानटर्कीत प्रथम आढळला. नंतर न्यू यॉर्कमध्ये शिकाऱ्यांनी मारलेल्या टर्कींचे पाय अभ्यासकांपर्यंत पोहोचले, आणि हाडाच्या मगजातून हा विषाणू शोधला गेला. निम्म्याच्या आसपास पक्ष्यांत तो निघाला, आणि त्यांतले बहुतेक वरवर धडधाकट दिसत होते. म्हणजे ज्या पायावरचा काटा मोजून तो भिंतीवर गेला असता, त्याच पायाने एका अख्ख्या राज्यातल्या पक्ष्यांची प्रकृती सांगितली. आणि लांब काट्याचे नर हाती यायचेच थांबले, तर त्या रानात नरांना म्हातारे होण्याइतका अवधी मिळत नाही, हेही त्याच पायांवरून कळते. त्यासाठी आखूड काट्यांचीही नोंद हवी. फक्त विक्रम जपणाऱ्या वहीत ती सापडत नाही.

मला हवा आहे तो बदल छोटा आहे. प्रत्येक राज्यात शिकारीची नोंद करताना काट्याची लांबी विचारावी, आणि तिच्याबरोबर जमीन कशी होती, टोक झिजले होते का, काटा तुटका, दुहेरी की गायब होता, पक्षी मादी असेल तर अंडाशय कसे दिसले, हेही विचारावे. पायाचा एक फोटो, नळी आणि काटा मापपट्टीसह दिसेल असा, सोबत जोडायला सांगावे. विचित्र पाय मिळालेल्या शिकाऱ्याने तो उकळून टोपण काढण्याआधी राज्याच्या वन्यजीव विभागाला कळवावे, आणि विभागानेही तपासात काय आढळले ते त्याला सविस्तर लिहून पाठवावे.