पासंग

चिचगडला समुद्र नाही. देवरी तालुक्यातलं आमचं गाव. भातशेती आहे, मोह आहे, जंगल आहे, तळी आहेत. पण ज्यात जहाज बुडावं असं काही नाही. तेव्हा सेक्स्टंट या खलाशांच्या यंत्रावर चिचगडच्या माणसाने लिहावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. माझी अडचण एवढीच की या यंत्राच्या चुकांचं प्रकरण मी वाचलं आणि ते मला सरळसरळ नीतिशास्त्राचं वाटलं.

यंत्र तसं साधं. दोन आरसे, एक लहानशी दुर्बीण आणि खाली वर्तुळाच्या सहाव्या हिश्शाएवढी, अंश कोरलेली कमान. एक आरसा पक्का, दुसरा फिरत्या दांड्यावर. दांडा सरकवत सूर्याला आकाशातून खाली आणायचं, क्षितिजावर अलगद टेकवायचं आणि कमानीवर त्याची उंची वाचायची. (चिचगडला क्षितिज झाडांच्या मागे. तिथे थाळीत जवसाचं तेल ओतून सूर्य त्याच्या प्रतिबिंबावर टेकवावा लागेल. कोन मात्र दुप्पट मिळतो. डिसेंबरात जमेल, मार्चच्या दुपारी सूर्य इतका चढतो की दुपटीला कमानच पुरत नाही.) अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला, आणि एका कलेची चूक म्हणजे १८५२ मीटरची चूक. दहा कला चुकल्या की अख्खं चिचगड साडेअठरा किलोमीटर उठून देवरीकडे चालू लागतं.

आता या चुकांच्या जाती दोन. पहिली, स्क्रू फिरवून काढता येणारी. आरसा चौकटीला काटकोनात नाही, दुसरा आरसा जरा कललाय, किंवा काटा शून्यावर असताना दोन्ही आरसे समांतर नाहीत. दुसरी जात जन्मजात. दांड्याची खीळ कमानीच्या बरोबर मध्यावर बसलेली नाही, काचेच्या दोन बाजू समांतर नाहीत, रेघा कोरतानाच कुठे केसभर सरकल्यात. याला स्क्रू नाही. या चुका दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतात, कुठल्या अंशाला किती कमी आणि कुठल्या अंशाला किती जास्त हे कागदावर लिहितात आणि तो कागद यंत्राच्या पेटीत, झाकणाला आतून चिकटवतात.

मला हा कागद फार आवडला. आपल्याकडे लग्न जुळवताना छत्तीस गुणांचा हिशोब होतो. दोषांची यादी झाकणाला चिकटवून मुलगा कुणी देत नाही.

चूक मुळातच नको, असा हट्ट धरणारेही झाले. जयपूरचे सवाई जयसिंग त्यातले. पितळी यंत्रांचे आस झिजतात, मध्य सरकतो, याचा त्यांना इतका वैताग आला की अठराव्या शतकात त्यांनी दगड-चुन्याची यंत्रं बांधली. साठ अंशांचं षष्ठांश यंत्र तर एका अंधाऱ्या दालनातच आहे. झिजणं बंद झालं. फक्त यंत्र हलेना. निर्दोष माणसांचंही काहीसं असंच होतं. त्यांना कुठे घेऊन जाता येत नाही, आपणच दर्शनाला जायचं.

खलाशी इतके कडक नसतात. शून्याची चूक दोनतीन कलांचीच असेल तर ती काढायला जाऊ नये, असं त्यांचे जाणते सांगतात. सारखं पिळून स्क्रू सैल होतो, आणि मग आज दोन, उद्या पाच, परवा उलट्या बाजूला एक, असं सुरू होतं. त्यापेक्षा दोन कला राहू द्याव्यात आणि दरवेळी वजा कराव्यात. मोठी मोडतोड झाली तर गोष्ट वेगळी. १८०८ साली तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना दोर तुटला आणि लॅम्बटनसाहेबांचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट (सेक्स्टंटचाच हा वजनदार चुलता) भिंतीवर आपटला. वाकलेली चकती साहेबांनी सहा आठवडे खपून ओढून ओढून सरळ केली. हे गृहस्थ देश मोजत मोजत पुढे आमच्या विदर्भात आले आणि जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले.

हे सगळं आमच्या बाजारातल्या माणसाला एका शब्दात कळतं. तो शब्द पासंग. तराजूचं एक पारडं जड असतं. दुकानदाराने गिऱ्हाईकासमोर दुसऱ्या बाजूला खडा बांधला तर तो सज्जन. न बांधता तसंच तोललं तर लबाड. तराजू तोच, फरक तेवढाच. म्हणजे प्रामाणिकपणा सरळ दांडीत नसून खड्यात आहे, असं म्हणावं का? मला तसं म्हणावंसं वाटतं. पण इथेच एक लुच्चेपणा शिरतो. "माझा स्वभावच असा आहे, सांभाळून घ्या," असं छातीवर लिहून हिंडणारी माणसं काय कमी आहेत? खडा दुकानदाराने बांधायचा असतो, गिऱ्हाइकाने नव्हे. सेक्स्टंट मात्र पेटीत मजेत पडून राहतो आणि बेरीज-वजाबाकी खलाशी करतो.

आमच्या घरी ती आजी करायची. आजोबा "निघालोच" म्हणाले की पाऊण तास मिळवायचा. "मला काही नको" म्हणाले की दोन पोळ्या मिळवायच्या. "चहा अगदी बेचव झालाय" याचा अर्थ अजून अर्धा कप हवाय. आजोबांची चूक कधी वाढली नाही, कधी घटली नाही. त्या बाबतीत यंत्र अव्वल होतं. पण त्याचा कागद पन्नास वर्षं आजीच्या डोक्यात होता. तो कुठे लिहून ठेवावा असं तिच्या मनात आलं नाही, आणि आजोबांना तर असा काही कागद आहे याचीच कल्पना नव्हती.

आजी गेली त्यानंतरच्या आठवड्यात आजोबा म्हणाले, चहा बेचव झालाय. सुनेने कप उचलला, उरलेला चहा मोरीत ओतला आणि कप विसळून ठेवला. आजोबा बराच वेळ रिकामी बशी हातात धरून बसले होते.