दुरुस्ती आणि मालकी

विकत घेतलेली वस्तु आपली केव्हां होते, हा प्रश्न वरवर पाहतां कायद्याचा वाटतो. पैसे दिले, पावती घेतली, मालकी सिद्ध झाली. परंतु जिचें पाठीमागचें झांकण उघडून पाहण्याचें धैर्य आपणांस होत नाहीं, आणि जी बिघडली असतां परक्याचा शब्द निमूटपणें मानण्यावांचून गत्यंतर नसतें, तिचे आपण मालक आहों कीं राखणदार, याचा निकाल पावती करूं शकत नाहीं. घरोघरींचा फ्रीज हें याचें चांगलें उदाहरण आहे.

फ्रीज थंडी उत्पन्न करीत नाहीं. तो आंतली उष्णता बाहेर नेऊन टाकतो. आंतल्या नळ्यांत द्रवाची वाफ होतांना उष्णता शोषली जाते, कॉम्प्रेसर ती वाफ दाबून मागच्या नळ्यांत लोटतो, आणि तेथें उष्णता खोलींत सोडून वाफेचा पुनः द्रव होतो. एवढें ज्यास कळलें, त्यास ‘थंड होत नाहीं’ या तक्रारीचीं कित्येक कारणें घरबसल्या सुचतील. मागच्या नळ्यांवर धुळीचा थर सांचला, किंवा फ्रीज भिंतीस चिकटवून ठेवला, तर उष्णता जाणार कोठें? परंतु सर्वांत उपेक्षित भाग म्हणजे दाराची रबरी पट्टी. तिच्या पोटांत लोहचुंबक असतो व त्याच्याच योगानें दार घट्ट बसतें. वर्षानुवर्षांच्या उघडझांपीनें रबर ताठरतें, कोंपऱ्यांत चिरतें, आणि दमट हवा आंत शिरून नळ्यांवर हिम होऊन बसते. हिमाचा जाड थर उष्णतेस अडवितो. म्हणून वर फ्रीजरांत बर्फाचा डोंगर आणि खालीं दूध नासलेलें, असा चमत्कार दिसतो. कोंकणच्या पावसाळ्यांत तर तो लौकर दिसतो. परीक्षा सोपी आहे : दारांत कागद धरून दार लावावें, तो सहज ओढून निघाला तर तेथें फट आहे. पट्टी मळली असेल तर साबणाच्या कोमट पाण्यानें पुसून भागतें. वांकली असेल तर गरम पाण्यानें शेकून बहुधा ताळ्यावर येते. फाटली असेल तर पुष्कळ नमुन्यांत ती खांचेंतून ओढून काढून त्याच मापाची नवी बसवितां येते. कामास हात घालण्यापूर्वीं प्लग काढावा, हें सांगावयास नको, तरी सांगतों.

कोणी म्हणेल, चार पैशांसाठीं सुशिक्षितानें हात काळे करावे काय? हा आक्षेप काटकसरीचा नव्हे, प्रतिष्ठेचा आहे. काम करणारा खालचा आणि करविणारा वरचा, ही आमच्या समाजाची खोड फार जुनी. कारागिरास मजुरी देण्यास आमची ना नाहीं. उलट ज्यानें एकदां स्वतः पट्टी बसविली, तोच मजुरीची घासाघीस सोडील, अशी आमची समजूत आहे. अज्ञानी गिऱ्हाईक कधीं भोळें असतें, कधीं संशयी. भोळेपणानें लबाडाचें फावतें आणि संशयानें प्रामाणिक माणसाचा अपमान होतो.

तथापि या अधिकारास एक कडक मर्यादा आहे. नळ्यांतील वायूचें बंदिस्त चक्र घरीं उघडूं नये. पूर्वीं त्यांत आर-१२ हा वायु असे. तो पेटत नसे, विषारी नसे, म्हणून निर्दोष मानला गेला. १९७४ सालीं मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनीं त्या जातीचे वायु वरच्या वातावरणांतील ओझोनचा नाश करतात असें दाखविलें, आणि १९८७ सालीं माँट्रियल येथें त्यांच्या नियंत्रणाचा करार झाला. आज अनेक फ्रीजांत आयसोब्यूटेन असतो. तो ओझोनला निरुपद्रवी, परंतु ज्वालाग्राही. ‘माझी वस्तु, मी वाटेल तें करीन,’ हें म्हणणें येथें लटकें पडतें. कारण नळींतून सुटलेला वायु मालकाच्या भिंतीशीं थांबत नाहीं.

मर्यादा मालकास आहे, तशी कारखानदारासही असावी. सुटा भागच विकावयाचा नाहीं, हें विकलेल्या वस्तूवर आपला ताबा ठेवण्यासारखेंच नव्हे काय? युरोपीय संघानें मार्च २०२१ पासून फ्रीजच्या दाराच्या पट्ट्या किमान १० वर्षें व थर्मोस्टॅट ७ वर्षें मिळाले पाहिजेत, असा नियम लागू केला. आपल्या सरकारनें डिसेंबर २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्कासंबंधीं संकेतस्थळ उघडलें. तें स्वागतार्ह आहे. मात्र माहिती देणें निराळें आणि सुटा भाग देण्यास बांधून घेणें निराळें.

जुनें यंत्र जपणें हें नेहमींच पुण्य असतें, असेंही नाहीं. नव्यापेक्षां पुष्कळ अधिक वीज खाणारा फ्रीज निव्वळ हट्टानें चालविणें ही काटकसर नव्हे. पण तो निकाल पट्टी बदलून, नळ्या झाडून, विजेचीं बिलें ताडून मग करावा. विक्रेत्याच्या सांगण्यावरून नव्हे. भिंतीच्या फेसांत दडलेली नळी गळूं लागली, तर मात्र बहुधा निरोपच द्यावा लागतो. अशा वेळीं नळ्या कापून वायु मोकळा सोडणाऱ्या भंगारवाल्यास तो न देतां नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे सोंपवावा. आणि तो जाईपर्यंत पडवींत ठेवणें झालें, तर दार काढून ठेवावें. खेळतां खेळतां मूल आंत शिरतें.