समुद्रातून जाणारा सरकारी रस्ता

जून २०२३. स्कॉटलंडच्या पश्चिमेला साउथ उइस्ट नावाचं एक बेट आहे. तिथल्या लोकांनी आपापल्या गाड्या, मालाचे ट्रक आणि व्हॅन काढल्या आणि लॉकबॉइसडेलच्या धक्क्यावर आणून उभ्या केल्या. कुठे जायचं म्हणून नव्हे, कारण जायला बोटच नव्हती. ताफ्यात जहाजं कमी पडली की एका बंदराची बोट काढून दुसरीकडे पाठवायची, हा कंपनीचा शिरस्ता. त्या शिरस्त्यापायी लॉकबॉइसडेलची जवळपास सगळ्या महिन्याची सेवा रद्द झाली होती, तीही ऐन पर्यटनाच्या हंगामात. हॉटेलवाले, मच्छीमार, दवाखान्याची वेळ घेऊन बसलेले म्हातारे अशी शेकडो माणसं तिथे जमली. एरवी मोर्चा सरकारी कचेरीवर जातो. इथे तो गेला रिकाम्या धक्क्यावर, कारण या बेटांपुरतं सरकार म्हणजे मुख्यतः तो धक्काच.

कंपनीचं नाव कॅलेडोनियन मॅकब्रेन. बोलण्यात सगळे ‘कॅलमॅक’ म्हणतात. काळा बुडखा, लाल धुरांडं, धुरांड्यावर पिवळ्या चकतीत लाल सिंह आणि कुशीवर हातभर पांढऱ्या अक्षरांत कंपनीचं नाव अशी तिची जहाजं लांबूनही ओळखू येतात. तीसहून अधिक जहाजं वीसहून अधिक बेटांना मुख्य भूमीशी जोडतात. मालकी पूर्णपणे स्कॉटिश सरकारची. आयला बेटावरच्या डिस्टिलऱ्यांची व्हिस्की याच बोटींनी बाहेर जाते आणि गावातल्या दुकानातलं दूध-पाव याच बोटींनी आत येतं. बोट दोन दिवस आली नाही की दुकानातली फळी रिकामी दिसू लागते.

ही कंपनी काही कोणा समाजवादी मंत्र्याच्या डोक्यातून एका रात्रीत निघालेली नाही. १८५१ मध्ये डेव्हिड हचेसन यांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या आगबोटींचा धंदा हाती घेतला. त्यांचे भागीदार डेव्हिड मॅकब्रेन १८७९ मध्ये एकटे मालक झाले. पुढे टपालाचे ठेके आले, रेल्वे आली, मोटारी आल्या, आणि बेटांवरची माणसं मात्र कमी होत गेली. नफ्याचं गणित जमेना तेव्हा सरकार आधी अनुदान देऊ लागलं, मग मालकच झालं. १ जानेवारी १९७३ रोजी क्लाइड खाडीत बोटी चालवणारी कॅलेडोनियन स्टीम पॅकेट कंपनी आणि मॅकब्रेन यांचं एकत्रीकरण होऊन आजची कंपनी जन्माला आली. म्हणजे सरकारने चालता धंदा हिसकावून घेतलेला नाही. बाजाराने सोडून दिलेली जबाबदारी त्याने उचलली.

मराठी वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. कोकणच्या चाकरमान्यांच्या दोन पिढ्या बोटीने गावी गेल्या. ‘बोट लागणं’ हा शब्दप्रयोग अजून भाषेत आहे, बोट मात्र नाही. कोकणाकडे एस.टी. आली, महामार्ग आला, शेवटी रेल्वे आली. बोट बंद पडली तरी गाव तुटलं नाही. दिवाडी आणि चोडणचं तसं नाही. मांडवीतल्या या बेटांसाठी गोव्याचं नदी परिवहन खातं फेरीबोटी चालवतं आणि पायी येणाऱ्याकडून तिकीट घेत नाही. पूल नसेल तर बोट हाच पूल, आणि पुलावरून चालत जायला कोणी पैसे मागत नाही, असा तो साधा हिशेब.

स्कॉटलंडने हाच हिशेब कागदावर मांडला. ऑक्टोबर २००८ मध्ये काही बेटांपुरता प्रयोग म्हणून एक नवी भाडेपद्धत सुरू झाली. तिचं सूत्र असं, की समुद्रावरचं अंतर रस्त्यावर असतं तर ते कापायला जेवढा खर्च आला असता, तेवढंच बोटीचं भाडं. त्यात एक ठरावीक रक्कम आणि वर मैलामागे काही पेन्स. २०१५ पर्यंत ही पद्धत कंपनीच्या सगळ्या मार्गांवर लागू झाली आणि भाडी झपाट्याने उतरली. कल्पना अशी बिनतोड, की तिला विरोध करणारा शोधूनही सापडला नसता.

पण रस्त्याची उपमा अर्धीच घेतली गेली.

रस्त्यावर गर्दी वाढली तर गाडी तासभर अडकते, पण पोहोचते. बोटीच्या पोटात मोटारींच्या रांगा मोजून मारलेल्या असतात; शेवटची गाडी चढली की दार बंद. भाडं उतरल्याबरोबर पर्यटकांच्या मोटारी आल्या, घरासारख्या लांबलचक कॅम्परव्हॅन आल्या आणि उन्हाळ्याची आरक्षणं महिने महिने आधी भरू लागली. ज्या बेटकऱ्यासाठी भाडं कमी केलं, त्यालाच आईला इस्पितळात न्यायला उद्याच्या बोटीत जागा मिळेना. पर्यटक सहा महिने आधी ठरवून येतो. आजारपण तसं येत नाही. भाडं कमी करायला एक शासकीय आदेश पुरतो, जहाज बांधायला मात्र वर्षं लागतात. सरकारने सोपं काम आधी केलं आणि अवघड काम जवळजवळ केलंच नाही. १९८४ मध्ये सेवेत आलेली ‘आयल ऑफ ॲरन’ ही बोट चाळिशी ओलांडली तरी राबतच होती. ‘कॅलेडोनियन आयल्स’ जानेवारी २०२४ मध्ये नेहमीच्या दुरुस्तीला गेली. तिच्या पोलादात इतका गंज निघाला की ते काम वर्षभराहून अधिक लांबलं.

अवघड काम हाती घेतलं तेव्हा काय झालं, ही गोष्ट आता ब्रिटनभर प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये पोर्ट ग्लासगोच्या फर्ग्युसन गोदीला दोन मोठ्या जहाजांचं कंत्राट मिळालं. दोन्हींची मिळून किंमत ९.७ कोटी पौंड. डिझेल आणि द्रवरूप नैसर्गिक वायू अशा दोन्ही इंधनांवर ती चालणार होती. काम बुडालं तर पैसे परत करण्याची पूर्ण हमी गोदीकडून घेतलेली नव्हती, यावर पुढे स्कॉटलंडच्या लेखापरीक्षकांनी बोट ठेवलं. पहिलं जहाज, ‘ग्लेन सॅनॉक्स’, २१ नोव्हेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांच्या हस्ते पाण्यात उतरलं. सोहळा देखणा झाला. फक्त जहाजाच्या दर्शनी भागात काचेच्या खिडक्या नव्हत्या. खिडक्यांच्या जागी काळा रंग मारला होता, लांबून खिडक्याच वाटाव्यात म्हणून. कितीतरी वर्षं विरोधकांना वेगळं भाषण करावं लागलं नाही. त्या खिडक्यांची आठवण दिली की काम भागे.

ऑगस्ट २०१९ मध्ये गोदी दिवाळखोरीत गेली आणि डिसेंबरमध्ये सरकारने तीही ताब्यात घेतली. कळस झाला २०२२ मध्ये, जेव्हा आधीच्या काळात टाकलेल्या शेकडो केबली आखूड पडत असल्याचं उघड झालं. जोडायच्या यंत्रापर्यंत त्या पोहोचतच नव्हत्या. ‘ग्लेन सॅनॉक्स’ प्रवासी घेऊन निघाली १३ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे पाण्यात उतरल्यावर सात वर्षांनी. तोवर दोन जहाजांचा खर्च मूळ किमतीच्या चौपटीवर गेला होता. शिवाय ॲरन बेटाच्या बोटी पिढ्यान्‌पिढ्या ज्या अर्ड्रॉसन बंदरातून सुटत, तिथे हे जहाज बसत नव्हतं. ते ट्रून बंदरातून सोडावं लागलं. जहाज नवं, बंदर जुनं, आणि ते बंदर तेव्हा एका खासगी कंपनीचं. दोन महिन्यांत सांध्यात तडा सापडून हे नवं जहाज काही दिवस थांबलंही.

यावर लगेच येणारा निष्कर्ष म्हणजे सरकारने धंदा करू नये. त्याला पुरावाही हाताशी आहे. क्लाइड खाडीत ड्यूनूनच्या बाजूला वेस्टर्न फेरीज ही खासगी कंपनी १९७३ पासून सेवा देते आहे. छोट्या, सारख्या बांधणीच्या बोटी, साधारण वीस मिनिटांचं पाणी, दिवसभर फेऱ्यांवर फेऱ्या, आणि धंदा फायद्यात. पण त्या पाण्यावर रोजची रहदारी आहे. बारा नावाच्या बेटावर हजार-बाराशे माणसं राहतात आणि मुख्य भूमीवरच्या ओबनहून तिथे जायला जवळपास पाच तास लागतात, हिवाळ्यात तर वादळातून. तो मार्ग अनुदानाशिवाय कोणीच चालवणार नाही. २०१६ मध्ये सेर्को ही खासगी कंपनी कॅलमॅकविरुद्ध निविदेत उतरली होती. तिलाही मार्ग हवे होते ते अनुदानासकटच.

खरी गोम मालकीत नाही, वाटणीत आहे. युरोपीय स्पर्धा नियमांमुळे २००६ मध्ये कंपनीचे दोन तुकडे झाले. जहाजं आणि बरीचशी बंदरं एका सरकारी कंपनीकडे गेली, बोटी चालवण्याचं काम दुसरीकडे. पैसा आणि धोरण तिसऱ्याकडे, म्हणजे सरकारच्या वाहतूक संस्थेकडे. २०१९ नंतर गोदी ही चौथी सरकारी संस्था झाली. चारही खिसे एकाच कोटाचे. तरीही बोट का आली नाही, असं विचारलं की प्रत्येक जण पुढच्या खिशाकडे बोट दाखवतो. चालवणारा म्हणतो, जहाज माझं नाही. मालक म्हणतो, वेळापत्रक मी ठरवत नाही. गोदी म्हणते, आराखडाच बदलत राहिला. मंत्री म्हणतात, हा संस्थांच्या कारभाराचा प्रश्न आहे. आपल्याकडे खोदलेला रस्ता महापालिकेचा, की वीज कंपनीचा, की पाणीपुरवठ्याचा, हे विचारत दारोदार फिरलेल्या माणसाला हा अनुभव समजावून सांगावा लागणार नाही.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं आहे, त्याचा शब्द किती चालावा? याचंही सोपं उत्तर नाही. लुइस बेटावरच्या स्टॉर्नोवे बंदरातून रविवारी बोट सुटत नसे. कडव्या प्रेस्बिटेरियन परंपरेत तो दिवस देवाचा. कंपनीने कायद्याचा सल्ला घेतला. केवळ धार्मिक कारणावरून सेवा नाकारणं समतेच्या कायद्यात बसणार नाही, असं तिने सांगितलं आणि १९ जुलै २००९ रोजी पहिली रविवारची बोट सुटली. धक्क्यावर काही जण बायबलमधली स्तोत्रं गात होते, त्याहून जास्त लोक टाळ्या वाजवत होते. दोघंही बेटावरचेच. तेव्हा ‘बेटकऱ्यांना विचारा’ एवढं म्हणून भागत नाही. पण न विचारल्याने काय होतं, हे लॉकबॉइसडेलच्या धक्क्याने दाखवलं. कोणत्या बंदराची बोट काढायची हे ठरवणाऱ्यांना त्या बोटीवाचून स्वतःचा दिवस काढावा लागत नव्हता.

गेल्या काही वर्षांत सरकारने जरा वेगळी वाट धरली आहे. आयलासह काही बेटांसाठी एकाच धर्तीची चार जहाजं तुर्कस्तानच्या गोदीकडून बांधून घ्यायचं ठरलं. ऑक्टोबर २०२५ पासून निविदेशिवाय थेट दहा वर्षांचा करार कॅलमॅकला मिळाला आहे. दर काही वर्षांनी परीक्षेला बसणाऱ्या कंपनीला तीस वर्षं चालणाऱ्या जहाजाचा विचार करता येत नाही, हे निदान मान्य झालं. चार खिसे मात्र अजून वेगळेच आहेत, आणि ते एक होईपर्यंत या सुधारणेला सुधारणा म्हणणं घाईचं होईल.

सरकारी कंपनीला आणि सरकारी गोदीला नावं ठेवताना एक छोटं जहाजही लक्षात घ्यावं लागतं. स्काय बेटावरच्या स्कॉन्सरहून राझे या बेटावर ‘हॅलेग’ नावाची बोट जाते. राझेची वस्ती दीडशेच्या आसपास. बोटीत माणसं मावतात १५० आणि मोटारी २३, म्हणजे मनात आणलं तर सगळं बेट एका-दोन फेऱ्यांत पलीकडे जाईल. डिझेलला बॅटरीची जोड असलेली, मोटारी नेणारी ही जगातली पहिली समुद्री फेरी समजली जाते. ती बांधली त्याच फर्ग्युसन गोदीने, मागवली जहाजांची मालकी असलेल्या त्याच सरकारी कंपनीने, आणि २०१३ पासून चालवते तीच कॅलमॅक. पंचवीस मिनिटांत ती राझेला लागते आणि रात्री धक्क्यावर बांधून तिच्या बॅटऱ्या विजेवर भरून घेतात.