साखळी सुटली, मग जबाबदारी कोणाची?



हैदराबादच्या कोंडापूर भागात २०१८ साली तिथल्या महापालिकेने सुमारे १.३ एकर जागेत खास कुत्र्यांसाठी बाग उघडली. अशा बागेत मालक कुत्र्याची साखळी सोडतो आणि ते मनसोक्त धावते. कोणी म्हणेल, "फादर, त्यात काय नवल? आपल्या नृसिंहवाडीत तर कुत्री मोकळीच फिरतात!"

खरे आहे. दत्तात्रेयांच्या चित्रात पायाशी चार कुत्री असतात, ती चार वेदांची रूपे मानतात. वाडीला येणारे कित्येक भाविक घाटावरच्या कुत्र्यांना प्रेमाने बिस्किटे घालतात. आपल्या पवित्र शास्त्रातही तोबियाच्या प्रवासात त्याचे कुत्रे सोबत चालते. मुक्या जिवाची माया सगळीकडे सारखीच.

पण या दोन मोकळेपणांत फरक आहे. बागेत साखळी सुटली तरी मालक सुटत नाही. लस त्यानेच टोचून आणायची, घाण त्यानेच उचलायची, कुत्रे कोणाच्या अंगावर गेले तर त्यानेच आवरायचे. कोणीतरी उत्तर द्यायला बांधील आहे, म्हणून ते कुत्रे मोकळे धावू शकते. घाटावरच्या कुत्र्याला साखळी नाही आणि त्याच्यासाठी उत्तर देणाराही नाही. त्याला आपण 'बेवारशी' म्हणतो.

बेवारशीपणाची किंमत मूल आणि कुत्रे दोघेही मोजतात. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य. आणि मुलाला चावा बसला की गावाचा राग कुत्र्यांवर निघतो. १८३२ साली मुंबईत कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारायला काढली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला व दंगल झाली. २०२३ च्या केंद्रीय नियमांनी नसबंदी आणि लसीकरणाचे काम स्थानिक संस्थांवर सोपवले. पण नियम झाले म्हणजे आपण मोकळे झालो का? गुरुवारी बिस्किट खाल्लेले कुत्रे शुक्रवारीही तिथेच असते. दया एका क्षणात करता येते. जबाबदारी रोज घ्यावी लागते.

कॅथलिक धर्मशिक्षण दोन गोष्टी सांगते. प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही. आणि गरजू माणसाला डावलून प्राण्यांवर पैसा उधळणेही शोभत नाही. लसीवर केलेला खर्च या दोन्ही कसोट्यांना उतरतो, कारण त्याने कुत्र्याचा आणि मुलाचा, दोघांचाही जीव राखला जातो.

तेव्हा नको असलेली पिल्ले नदीकाठी आणून सोडू नका. ज्या कुत्र्याला रोज भाकरी घालता, त्याच्या लसीची व नसबंदीची चौकशी ग्रामपंचायतीत किंवा जनावरांच्या दवाखान्यात करा. कुत्रे चावलेच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. मुलांनाही हे शिकवा. ज्याला आपण खाऊ घालतो, त्याचे आपण थोडेतरी वारस होतो.